यशवंतनाना सुखरूप आहेत

या लेखात शेवटपर्यंत कुणी मरत नाही. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकलेले बरे, कारण यशवंतनानांनी लेख वाचायला घेतला तर ते दुसऱ्या ओळीपर्यंत थांबणार नाहीत. पान उलटून शेवट बघतील, सगळी माणसे जागेवर आहेत का ते तपासतील आणि मगच चष्मा नीट करून वरून वाचायला लागतील.

नानांना अर्धी गोष्ट सहन होत नाही. महाडच्या एसटी स्टँडवर चहा पिताना शेजारचा कुणी बोलायला लागतो, "काल आमचा मेव्हणा गाडीवरून येत होता, समोरून ट्रक..." नाना त्याचा हात धरतात.

"मेव्हणा हाय ना?"

"आहे हो. पण ऐका तरी पुढे."

"हाय ना? मग सांग आता. सावकाश सांग."

सांगणाऱ्याचा सगळा रस तिथे संपतो आणि नानांचा सुरू होतो. मग ते ट्रकचा रंगसुद्धा विचारतात. "आधी जीव, मग हकिकत" हे त्यांचे ठरलेले वाक्य. ते इतक्या वेळा ऐकले आहे की आता कानाला लागत नाही.

असा माणूस आमच्याकडे व्हिडिओंना शीर्षके द्यायच्या कामावर होता.

आमच्याकडे म्हणजे महाडमधल्या एका छोट्या बातम्यांच्या चॅनेलमध्ये. चॅनेलचे नाव सांगण्याएवढे ते मोठे नाही. खाली संजयशेठचे इन्व्हर्टर-बॅटरीचे दुकान, वरच्या मजल्यावर आम्ही. संजयशेठ दोन्हीचे मालक. प्रणाली नावाची पोलादपूरजवळच्या कापडे गावची मुलगी कॅमेरा आणि एडिटिंग करायची. मुलगी म्हणायचे एवढेच, तिशी उलटली होती आणि आमच्यात सगळ्यात जास्त काम तीच करायची. मी वर्तमानपत्राची आवृत्ती बंद झाल्यावर गावाकडे परतलेला, बातम्या बघायचो. बॅटरीतल्या ॲसिडचा वास जिन्यावरून वर यायचा आणि संध्याकाळपर्यंत कपड्यांत राहायचा.

बघणारे बहुतेक मुंबईतले. या डोंगरातल्या प्रत्येक घरातले कुणी ना कुणी मुंबईला. त्यांना गावाकडे काय चालले आहे ते हवे असायचे आणि संजयशेठना बघणाऱ्यांचा आकडा. दोन्हींच्या मध्ये शीर्षक.

शीर्षक लिहिणे म्हणजे काय सांगायचे नाही ते ठरवणे. रोज तेच. 'पाहा', 'अखेर', 'धक्कादायक', 'आणि मग जे घडलं'. रस्त्यावर खड्डा पडला तरी 'आणि मग जे घडलं'. खड्ड्याच्या बाबतीत मग काहीच घडत नाही, तो पुढच्या वर्षीही असतो. पण शीर्षक लागतेच. काही महिन्यांत आम्हाला या शब्दांची शिसारी आली. नाना मुळात शुद्धलेखन बघायला आले होते. एकाच नावाच्या वाड्या तालुक्यात बऱ्याच, आणि कुठली वाडी कुठल्या गावाची ते नानांना पाठ. पण दुपारी चारनंतर शीर्षक सुचवायचे त्राण कुणात नसायचे. त्या थकव्यातून ते काम हळूहळू नानांच्या टेबलावर जाऊन पडले.

नानांची शीर्षके अशी असत:

'पोलादपूरजवळ एसटी गटारात कलंडली, सगळे सुखरूप, कंडक्टरचा चष्मा फुटला.'

'कापड्यात बिबट्या आला आणि गेला, कोंबडीही नेली नाही.'

'हरवलेली म्हैस सापडली. कशी हरवली ते आत आहे.'

क्रिकेटच्या फायनलला त्यांनी दिले होते, 'दासगाव जिंकले, शेवटच्या बॉलपर्यंत जीव टांगणीला लावायची गरज नाही.' तो व्हिडिओ दोन्ही संघांतल्या खेळाडूंनीही पाहिला नाही.

संजयशेठ वर आले. "नाना, अहो सगळं वरच सांगितलंत तर आत कोण येईल?"

"ज्याला सवड हाय तो येल."

"आणि ज्याला नाही?"

"तो कामाला लागंल. ड्युटी असते त्यांची, शेठ."

"थोडं पोटात ठेवा हो!"

"पोटात ठेवून काय करू? त्या मुंबईच्या माणसाच्या पोटात गोळा येतो, त्याचं काय?"

बऱ्याच वादानंतर तह झाला. सुरुवातीला 'सुखरूप' हा एक शब्द नानांचा, पुढचे सगळे संजयशेठच्या मनासारखे. त्यामुळे आमच्या चॅनेलवर 'सुखरूप! घाटात काळजाचा थरकाप, पाहा काय घडलं' अशी शीर्षके दिसू लागली. काय घडले ते पहिल्या शब्दात सांगून मग ते पाहायला बोलावणारे दुसरे चॅनेल माझ्या पाहण्यात नाही. नानांना एकदा सवय लागली की सुटत नसे. प्रणालीने काळ्या वाटाण्याच्या आमटीचा व्हिडिओ केला, त्यालाही 'सुखरूप!' लागले.

"नाना, आमटीला कशाला?" प्रणाली म्हणाली.

"चुलीवरची, इस्तवाजवळची बातमी हाय ना? मग."

आधी 'सुखरूप' सांगायची ही सवय नानांना कुठून लागली ते प्रणालीच्या आत्याने तिला सांगितले होते. नाना तरुणपणी पोलादपूरच्या पोस्टात तारा वाटायला होते. तेव्हा डोंगरातल्या वाडीवर तार आली की ती फोडायच्या आधीच रडारड सुरू व्हायची. तार म्हणजे मुंबईत कुणीतरी गेले, एवढेच लोकांना माहीत. 'मुलगा झाला' अशी तार घेऊन नाना पोचायचे तेव्हा नव्या आजीने ऊर बडवायला सुरुवात केलेली असायची. म्हणून नाना खालच्या बांधावरूनच ओरडायला लागले, "बरं हाय गो! बरं हाय!" पोस्टमास्तरांनी त्यांना झापले, तारेतला मजकूर असा बांधावर ओरडायचा नसतो. नाना ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या वाडीला जाऊन ओरडायचे.

"पण मग एक झालं," आत्या म्हणाली होती. "वाईट तार असली की तो गप्प यायचा. बाया कामं टाकून ऐकत उभ्या राहायच्या. नाना बांध चढतोय आणि ओरडत नाय, असं दिसलं की कळायचं."

नानांच्या टेबलावर त्यांचा फोन नेहमी उताणा ठेवलेला असे. बायको काही वर्षांपूर्वी गेलेली. एकुलता एक मुलगा मंगेश टँकरवर ड्रायव्हर, गुजरात लाइनीला. नानांच्या वाडीवर रेंज येत नाही, म्हणून त्यांनी मंगेशला आमच्या ऑफिसचा नंबर देऊन ठेवला होता. मंगेश फोन फारसा करायचा नाही. नानाही करत नसत, गाडी चालवताना फोन नको म्हणून.

"आज कुठे आहे मंगेश?" कुणी विचारले तर ते म्हणायचे, "वापी का काय, तिकडं. फोन नाय म्हंजे बरं हाय."

थंडीत नानांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजा घेतली. त्याच आठवड्यात गोविंदबुवा महाबळेश्वरला गेले.

गोविंदबुवा म्हणजे कापड्याच्या वरच्या एका वाडीतले भजनी बुवा. वय ऐंशीच्या घरात. पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणारा घाटरस्ता त्यांनी जन्मभर खालून पाहिला होता, वर कधी गेले नव्हते. पुतण्याने यंदा न्यायचे ठरवले. अख्खी वाडी निरोपाला आली, बुवांच्या गळ्यात हार घातला, जीपमध्ये बसवले. प्रणालीने ते शूट केले. नाना नव्हते, म्हणून शीर्षक संजयशेठनी स्वतः दिले, 'अख्खी वाडी निरोपाला लोटली... शेवटी गोविंदबुवा गेले महाबळेश्वरला!' चित्रात हार घातलेले बुवा.

यातला एकही शब्द खोटा नव्हता. पण फोनवर लांब शीर्षक पुरे दिसत नाही, मध्येच तुटते. मुंबईत ज्याच्या-त्याच्या फोनवर आले ते 'अख्खी वाडी निरोपाला लोटली... शेवटी गोविंदबुवा गेले' एवढेच. खाली हार घातलेला फोटो. वाडीवर फोन लागत नव्हता. तो कधीच लागत नाही, पण त्या दिवशी त्याचाही अर्थ निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुवा घाट उतरून येणार, म्हणून मी आणि प्रणाली पोलादपूरच्या नाक्यावर कॅमेरा घेऊन उभे होतो. तिथे मुंबईचा एक टेम्पो येऊन थांबला. वाडीच्या मुंबई मंडळातली माणसे उतरली, फुलवाल्याकडे गेली. बायका आतच बसून होत्या, त्यांच्यात बुवांची धाकटी बहीण ताराबाई. काय चालले आहे ते आम्हाला कळेपर्यंत घाटाच्या बाजूने जीप आली. पुढच्या सीटवर बुवा. डोक्याला नवी माकडटोपी, मांडीवर स्ट्रॉबेरीचा पुठ्ठ्याचा खोका.

आपली माणसे बघून बुवा खाली उतरले. "काय रे, सगळी कुठं चाललात? कोण गेला?"

 मंडळाचा सेक्रेटरी हातात हार धरून उभा होता.

"बोल की. कोण गेला?"

"तुमी," सेक्रेटरी म्हणाला.

बुवांनी थोडा विचार केला. "कधी?"

"काल. चॅनेलवर आलंय."

तेवढ्यात ताराबाई टेम्पोतून उतरल्या. आधी त्यांनी भावाला नीट पाहिले आणि मग दोन्ही मुठींनी त्याच्या पाठीत मारायला सुरुवात केली. "मेल्या, सांगून जाता येत नाय? मेल्या!" त्यांना रडू आवरत नव्हते आणि दुसरा शब्दही सुचत नव्हता. बुवा खोका सांभाळत मार खात उभे राहिले. मग टेम्पोकडे बघून म्हणाले, "ही सगळी माझ्यासाठी आली? इतकी?" त्यांचा चेहरा खुलला. "आता आलातच तर चला वर. जेवून जावा." हाराचे काय करायचे ते कुणाला सुचेना. शेवटी तो टेम्पोच्या पुढच्या काचेवर बांधला.

सेक्रेटरी आमच्याकडे आला. "तुमचं चॅनेल ना? वर सुखरूप लिहिलेलं नव्हतं. मग आम्ही काय समजायचं?"

निरोपाचा तो व्हिडिओ आमच्या चॅनेलवर आजवर सगळ्यात जास्त पाहिला गेला. संजयशेठनी पेढे आणले.

नाना काळा चष्मा लावून परत आले तेव्हा प्रणालीने हकिकत सांगायला घेतली.

"बुवा हाय ना?" नानांनी विचारले.

"आहेत."

"तारा?"

"त्याही आहेत."

"सांग मग."

तिने सगळे सांगितले, माकडटोपीसकट. आम्ही हसत होतो. नानांनी पेढा हातातच धरून ठेवला होता. "मुंबईपासून पोलादपूर," ते म्हणाले. "किती तास लागतात गो आता?"

"पाच-सहा. ट्रॅफिक असलं तर जास्त."

"एवढा वेळ तारा रडत आली," नाना म्हणाले आणि पेढा कागदात गुंडाळून खिशात टाकला.

संजयशेठना आता वाट सापडली होती. शीर्षक कुठे तुटते ते मोजून लिहायचे. 'सुखरूप' बंद. "नाना, तुम्ही फक्त शुद्धलेखन बघा," ते म्हणाले. "तुमच्या एका शब्दापायी लोक आत येत नाहीत."

"मग मी दुसरा डोळा करून घेतो," नाना म्हणाले. त्यांनी टेबलावरचा फोन उचलला, तो चालू आहे का ते पाहिले आणि पायऱ्या मोजत खाली उतरले. त्यानंतर ते आले नाहीत.

चॅनेल चालत राहिले. 'पोलादपूरचा पूल अखेर...' (रंगवला). 'कापड्यात एकाच घरातले चौघे...' (पास झाले). मुंबईहून फोन यायचे. प्रणाली उचलायची आणि "बरे आहेत हो, सगळे बरे आहेत" असे म्हणत बसायची. दिवसभर म्हटल्यावर तिचा आवाज बसायचा. शीर्षकातले काम आता ती फोनवर करत होती.

मग संजयशेठनी स्वतःच्या दुकानाचा व्हिडिओ केला. इन्व्हर्टरवर ऑफर होती, गर्दी चांगली जमली होती. त्यांनी शीर्षक दिले, 'भरदुपारी महाडचे संजयशेठ बुडाले... ग्राहकांच्या गर्दीत!' ते तुटले ते बरोबर 'बुडाले'पाशी.

संजयशेठची आई दासगावला राहते. घराच्या मागे सावित्री. पावसाळ्यात ओटीवर बसून नदीवर नजर ठेवण्यात तिचे आयुष्य गेले. धंदा बुडतो, हा त्या शब्दाचा दुसरा अर्थ तिच्या डोक्यातसुद्धा आला नाही. शेजारणीने फोन दाखवला, तशी ती निघाली. रिक्षा दुकानापुढे थांबली तेव्हा तिच्या हाताला तांदळाचे पीठ होते आणि पायात चप्पल नव्हती. संजयशेठ गिऱ्हाइकाला वॉरंटी समजावत होते. म्हातारी सरळ त्यांच्यापाशी गेली, त्यांचे डोके खाली ओढले आणि केसांतून हात फिरवला. मग शर्टाची कॉलर चाचपली.

"कोरडा हाय," ती म्हणाली आणि बॅटरीच्या खोक्यावर बसली. थोड्या वेळाने तिने पाणी मागितले.

संजयशेठ केसांत पीठ घेऊन दुपारभर गल्ल्यावर बसून होते. संध्याकाळी वर आले. "नानांना बोलवा," ते म्हणाले. "त्यांचा तो शब्दही घेऊन यायला सांगा."

नानांचा फोन लागण्याचा प्रश्न नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि प्रणाली एसटीने कापड्याला उतरलो आणि वाडीची वाट धरली. भात केव्हाच कापून झाले होते, खाचरांत वाल हिरवे दिसत होते. बांध अरुंद, एकामागे एक चालावे लागते. आदल्या रात्रीपर्यंत काम केलेले, त्यात चढ. दोघांपैकी कुणी बोलत नव्हते.

वर नानांचे घर दिसायला लागले. नाना अंगणात पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते. एका डोळ्यावर पट्टी, वर काळा चष्मा. आमची चाहूल लागली तसे ते उठले. मांडीवरचे ताट खाली पडून पावटे अंगणभर पसरले. त्यांनी ओटीचा खांब धरला.

"कोण हाय?"

आम्हाला धाप लागली होती. प्रणालीने नुसता हात वर केला. त्या अंतरावरून त्यांना तो दिसणे शक्य नव्हते.

"दोघं हाव ना तुमी?" नाना म्हणाले. "कुठनं आलाव? हापिसातनं?"

आम्ही चालतच होतो. नानांनी डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरली. खांब सोडला नाही.

"सांगून टाका," ते म्हणाले. "मंगेशचं काय झालं?"

माझ्या पुढे चालणारी प्रणाली जागीच थांबली. तिने खांद्यावरची बॅग बांधावर टाकली, दोन्ही हात तोंडापाशी नेले आणि तिच्या आत्याने वाडीवर ऐकले असेल तसे पूर्ण आवाजात ओरडली, "बरं हाय, नाना! बरं हाय! मंगेश बरा हाय! सगळी बरी हायत!"

समोरच्या डोंगरावरून तो आवाज परत आला. नाना लगेच बसले नाहीत. आवाज पुरता विरेपर्यंत उभे राहिले, मग खांबाला पाठ घासत खाली बसले.

आम्ही अंगणात पोचलो तेव्हा ते ओरडायला तयार होते. "गप्प काय येता? अक्कल हाय का? मानसानं बांधावरनं काय समजायचं?"

"चुकलं, नाना," प्रणाली म्हणाली आणि पावटे गोळा करायला लागली.

"तू कापड्याची ना गो? तुला नाय कळत?"

चहा त्यांनीच केला. भांड्याचा अंदाज एका डोळ्याने चुकत होता, थोडा चुलीत सांडला. मी संजयशेठचा निरोप सांगितला. म्हातारीने केसांतून हात फिरवला ते सांगायला लागलो, तेव्हा त्यांनी मला अडवले नाही. शेठ आहेत हे माझ्या निरोपातच आले होते. ऐकून ते एवढेच म्हणाले, "कोरडा हाय का ते बघितलंन. बरोबर हाय." मग विचारले, "हापिसात कुणाचा फोन?"

"नाही."

"मग बरं हाय."

डोळ्याची पट्टी निघाली की या, असे आम्ही म्हणालो. नाना म्हणाले, उद्याच येतो, शीर्षकाला एक डोळा बास. बोलत असताना टोपी त्यांच्या गुडघ्यावर होती.

आम्ही उतरायला लागलो. खालच्या बांधाला आल्यावर प्रणाली वळली आणि हाक मारली, "नाना, उतरलो! बरं हाय!"

वर अंगणात नाना अजून उभे होते. त्यांनी हात वर केला. मग टोपी झटकली आणि डोक्यावर घातली.